चीजविरहित पिझ्झाची कैफियत

घरी केलेल्या भाज्यांच्या पिझ्झावर चीज नसेल तर त्यास पिझ्झा म्हणावयाचे की नाही, असा आक्षेप अलीकडे मुलेच नव्हे, तर घरातील वडीलधारी मंडळीही मोठ्या गांभीर्याने घेतात. आणि ज्या पदार्थाचा परिचय आपणांपैकी बहुतेकांस जाहिरातींतील लांबच लांब ताणल्या जाणाऱ्या तंतूंवरूनच झाला, त्याविषयी असा ग्रह व्हावा यात नवल नाही. तथापि निकाल देण्यापूर्वी मूळ दप्तर तपासणे हे न्यायाचे होईल.

ते दप्तर नेपल्स शहरी आहे. तेथील पिझ्झाची परंपरा जपण्यासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ज्या दोन प्रकारांस अस्सलपणाची सनद दिली, त्यांपैकी मार्गेरितावर मोझरेल्ला असते हे सर्वश्रुत आहे. परंतु दुसऱ्या, म्हणजे मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्हचे तेल एवढाच सरंजाम असतो, आणि तेवढ्यावरून त्याच्या कुलशीलाविषयी नेपल्समध्ये कोणी शंका काढीत नाही. युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात जिची नोंद केली, तीही पीठ मळून, हाताने पसरून, लाकडाच्या भट्टीत भाजणाऱ्या तेथील कारागिरांची कला होय. चीज हा या दरबारातील मातब्बर सरदार खरा, पण गादीचा मालक नव्हे.

माझी तक्रार चीजच्या चवीविषयी नाही. ती उत्तमच असते. तक्रार आहे ती त्याच्या आश्रयाने फोफावलेल्या आळसाविषयी. बाजारातून आणलेला निर्जीव बेस, त्यावर बाटलीतील गोडसर सॉस, कच्च्या कांद्याचे आणि ढोबळी मिरचीचे तुकडे, आणि या साऱ्या अपराधांवर पांघरूण घालण्यासाठी किसलेल्या चीजचा जाड थर, अशी जी वहिवाट आपल्या स्वयंपाकघरांत पडली आहे, तिच्यात स्निग्धता आणि खारटपणा यांच्या बळावर सर्व दोष माफ होतात. चीज वगळले की प्रत्येक जिन्नसाला आपली जबानी स्वतःच द्यावी लागते.

म्हणून प्रथम बंदोबस्त पिठाचा करावा. तीनशे ग्रॅम मैदा, सुमारे एकशे नव्वद मिलिलिटर पाणी, सहा ग्रॅम मीठ आणि चिमूटभर यीस्ट एवढ्यावर मळलेला गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, तर सावकाश होणाऱ्या आंबण्याने त्यास जी चव येते, ती घाईने फुगविलेल्या पिठास कदापि येत नाही. आणि माडाच्या सुरेने पाव फुगविणाऱ्या गोव्याच्या पोदेरांची परंपरा ज्यांच्या शेजारी नांदली, त्यांस ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न पाण्याचा. नेपल्सच्या भट्टीत सुमारे ४८० अंशांवर पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत तयार होतो, तर घरच्या ओव्हनच्या २५० अंशांवर त्यास आठ-दहा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवधीत भाज्यांचे पाणी सुटून पोळीचा चिखल होतो. यास्तव टोमॅटो दाट होईपर्यंत आटवावेत, वांग्याच्या चकत्या मीठ लावून पिळाव्यात, कांदा व आळंबी आधी परतून घ्यावीत, आणि चीजचे संरक्षण नसल्याने भाज्या करपू नयेत म्हणून त्यांस तेलाचा हात लावावा. ओव्हन तापतानाच लोखंडी तवा आत उपडा ठेवून त्यावर पिझ्झा भाजला, तर खालची बाजू खरपूस होते. चीजमुळे येणारी भरीव चव आटलेल्या टोमॅटोत आणि आळंब्यांत असलेल्या ग्लुटामेटमुळे बऱ्याच अंशी मिळते. आणि सुवासासाठी परदेशी बेसिल शोधीत हिंडण्याची जरुरी नाही, कारण आपला सब्जा त्याच जातीचा असून त्याची ताजी पाने भाजून झाल्यावर वर घालता येतात.

कित्येक जण चीज टाळतात आणि लगेच काजूच्या वाटणाचे किंवा पांढऱ्या सॉसचे तोतये उभे करतात. मला ते अनावश्यक वाटते. कारण अशा नकलेने खाणाऱ्याच्या मनात मूळ वस्तूच्या अभावाचीच आठवण जागी राहते, आणि भाज्यांकडे लक्ष जाण्याची संधी पुन्हा हुकते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, घरी पिझ्झा शिकू इच्छिणाऱ्याने पहिला धडा चीजविनाच गिरवावा. तो साधल्यावर चीज घालावे की नाही, हा निव्वळ आवडीचा प्रश्न उरतो. साधण्यापूर्वी मात्र ती लाचारी असते.