बोन मॅरो दिल्याने पाठ अधू होत नाही

"डॉक्टर, भावाला बोन मॅरो द्यायचा म्हणतात, पण ही लग्नाची मुलगी. उद्या तिची पाठ धरली तर?" पिंपरी पेंढारसारख्या गावात घरात ब्लड कॅन्सर निघाला की हा प्रश्न येतोच. म्हणून आज डॉ. सुरेश अडवाणी यांच्या कामाविषयी सांगतो.

लहानपणी पोलिओ झालेले अडवाणी व्हीलचेअरवर बसून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे त्यांनी बोन मॅरो प्रत्यारोपणाचे शिक्षण घेतले. याच उपचारातील कामासाठी थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अडवाणी आणि सहकाऱ्यांनी ९ वर्षांच्या मुलीवर देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. तिला मॅरो दिला तो तिच्या भावाने.

बोन मॅरो म्हणजे हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणारा मऊ भाग. मणक्यातल्या मज्जारज्जूशी त्याचा संबंध नाही. रुग्णाचा बिघडलेला मॅरो औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूळ पेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून चढवतात. आज बहुतेक दात्यांना चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन, मग हाताच्या शिरेतूनच या पेशी काढतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. काही दिवस अंग दुखते, पण दिलेला मॅरो काही आठवड्यांत भरून निघतो. लग्नाला, बाळंतपणाला, शेतीकामाला पुढे अडचण येत नाही.

दात्याच्या प्रतिकारपेशी उरलेला कॅन्सरही मारतात, हे प्रत्यारोपणातूनच कळले. 'कार-टी' उपचार त्याच वाटेवरचा. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून तयार झालेल्या 'नेक्सकार १९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. मात्र तो सगळ्या कॅन्सरवर चालत नाही. उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या काही ठरावीक ब्लड कॅन्सरसाठीच आहे. खर्चही लाखांत जातो.

माझे मत स्पष्ट आहे. परळला जे ज्ञान ४० वर्षांपूर्वी पोचले, ते जुन्नरच्या घराघरांत पोचत नाही, याला आम्ही डॉक्टरही जबाबदार आहोत. आम्ही चिठ्ठी लिहितो, पण घरच्यांची भीती घालवायला दहा मिनिटे बसत नाही.

तुमच्याकडून इतकेच हवे. प्रत्येक ब्लड कॅन्सरला प्रत्यारोपण लागत नाही, पण लागेल असे तज्ज्ञ म्हणाले, तर सगळ्या सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी लगेच करा. प्रत्येकाचे जुळण्याची शक्यता चारात एक असते. कोणाचेच जुळले नाही, तर अर्धे जुळणारे आई-वडीलही दाते होऊ शकतात. आणि मुलीला 'लग्नाची' म्हणून परस्पर वगळू नका. ती सज्ञान असेल तर सगळी माहिती देऊन तिलाच विचारा. निर्णय तिचा आहे.