'किस' बँड आणि खोटी साक्ष

महोदय,

'किस' या अमेरिकन रॉक बँडचा विषय निघाला की आपल्यातलं कोणीतरी अजूनही म्हणतंच, "ते सैतानाचे सेवक, नावाच्या इंग्रजी अक्षरांतच ते दडलंय." लहानपणी मीही हे ऐकलं आणि पुढे चार जणांना सांगितलं. ते खोटं होतं. १९७३ मध्ये न्यू यॉर्कला बँड सुरू झाला तेव्हा पॉल स्टॅन्लीने हे नाव सुचवलं. अर्थ फक्त चुंबन. तोंडाला रंग, तोंडातून रक्त, आगीचे लोळ, हे सगळं नाटक. रक्त ओकणारा जीन सिमन्स तर ज्यू. त्याची आई नाझी छळछावणीतून वाचलेली.

आक्षेप घ्यायला जागा आहेच. गाण्यांत स्त्रियांविषयी हलकेपणा आहे, आणि धंदा एवढा की बँडच्या नावाची शवपेटीसुद्धा विकली. हे मुलांना जरूर सांगावं. २ डिसेंबर २०२३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. अफवा मात्र अजून निवृत्त झालेली नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा फक्त आवडत्या शेजाऱ्यापुरती नाही. मी माझी चूक सुधारतो आहे. आपणही सुधारू या.

आपला,
एक वाचक, बेळगाव