शून्याचा हिशेब

गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट. आमच्या गल्लीतील एक मुलगी संध्याकाळी पेनड्राईव्ह घेऊन आमच्या दारात उभी राहिली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला. नळाला पाणी आले की घंटी वाजवणारे यंत्र तिने स्वतः जुळवले होते. त्यासाठी सर्किट बोर्ड, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघा असलेली पाटी, करून घ्यायचा होता. तिने बोर्ड बनवणाऱ्याकडे फायली दोनदा पाठवल्या आणि दोन्ही वेळा परत आल्या. शेरा एकच : ‘भोके जागेवर नाहीत.’ सबमिशनला आठ दिवस उरले होते. दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणावा, असे घरात जवळजवळ ठरले होते.

मुलगी म्हणाली, ‘‘काका, मलाच येत नाही बहुतेक.’’

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. आम्ही बी.कॉम., त्यात कारकून. सर्किट आम्हाला कळत नाही. पण आकडा जुळत नसेल तर तो कुठे अडला हे शोधण्यात आमची निम्मी नोकरी गेली आहे. म्हटले, आण बघू तुझ्या फायली.

तिने आधी आम्हाला शिकवले. सोलापुरी चादरीचे नक्षीचे चित्र माग वाचत नाही. त्या चित्रावरून भोके पाडलेले पुठ्ठे जकार्डला लावावे लागतात. बोर्डाचेही तसेच. आखणी एका प्रोग्राममध्ये होते; कारखान्याला द्यायच्या फायली त्यातून वेगळ्या काढाव्या लागतात. तांब्याच्या प्रत्येक थराची एक, आणि भोकांची निराळी. थरांच्या फायलींना ‘गर्बर’ म्हणतात. हे नाव जोसेफ गर्बर यांच्या कंपनीवरून आले. १९२४ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली अमेरिकेत गेला आणि मोठा संशोधक झाला. कपडा कापणारे स्वयंचलित यंत्रही त्यांचेच. सोलापूरकरांनी हे नाव लक्षात ठेवावे.

मुलीने आखणी कॉलेजात एका प्रोग्राममध्ये केली, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यात उघडली आणि तिथून फायली काढल्या. कारखान्याने त्या तिसऱ्यात उघडल्या. तिघांची भाषा एक, पण हिशेब लिहिण्याची रीत वेगळी!

भोकांची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत नुसते आकडे, दशांश चिन्ह कुठेच नाही. ते पाहताच आम्हाला आमची कीर्दखतावणी आठवली. १२५०० म्हणजे साडेबारा हजार रुपये की एकशे पंचवीस रुपये शून्य पैसे? रकाना ठाऊक नसेल तर कोण सांगणार?

इथे तेच झाले होते. भोक काठापासून साडेबारा मिलिमीटरवर. दशांशाच्या आधी तीन आणि नंतर तीन अंक धरले तर ते ०१२५०० असे लिहायचे. तिच्या प्रोग्रामने जागा वाचवायला शेवटची शून्ये गाळली, उरले ०१२५. कारखान्याच्या प्रोग्रामला वाटले की सुरुवातीची शून्ये गाळली आहेत. त्याने वाचले ०००१२५, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर. भोक शंभरपट जवळ सरकले. मुलीची आखणी बरोबर होती. चुकली ती दोन शून्ये, आणि ती कुठली गाळली हे कोणी कोणाला सांगितले नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघांनी एक यादी केली. आपल्या घरातील मुलांसाठी ती इथे देतो.

१) थर आणि भोके यांचे माप एकच ठेवा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, गल्लत झाली तर सारेच बिघडते. भोकांच्या फाईलमध्ये दशांश चिन्ह ठेवण्याची सोय असेल तर तीच निवडा.

२) दोन्हींचा शून्यबिंदू एकच हवा, नाहीतर सगळी भोके सारख्याच अंतराने सरकतात.

३) गर्बरची जुनी तऱ्हा पाठवू नका. तिच्यात रेघांच्या जाडीची यादी वेगळी पाठवावी लागे व ती हरवे. १९९८ च्या सुधारित तऱ्हेत ती फाईलमध्येच असते. जुनी तऱ्हा २०१४ साली अधिकृतपणे रद्द झाली आहे.

४) दुसऱ्या प्रोग्राममधून आणलेल्या आखणीत तांब्याचे भरीव भाग पुन्हा भरून घ्या आणि नियमांची तपासणी पुन्हा चालवा.

५) पाठवण्यापूर्वी सर्व फायली निराळ्या प्रोग्राममध्ये एकावर एक ठेवून पाहा. ‘कीकॅड’ या मोफत प्रोग्रामसोबत असा दर्शक मिळतो. आयसीच्या दोन पायांमधले अंतर मोजा. नेहमीच्या दोन रांगांच्या आयसीला ते २.५४ मिलिमीटर भरले पाहिजे.

मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ हा मोफत प्रोग्रामही केला आहे. त्यात बोर्ड करण्याआधी सर्किट कॉम्प्युटरवर चालवून पाहता येते. पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये.

बोर्ड सबमिशनच्या आदल्या दिवशी आला. भोके जागेवर होती. एक रेघ मात्र आखणीतच राहिली होती. तिथे मुलीने तार जोडली. परीक्षकांनी नेमके त्या तारेवर बोट ठेवले. तिने चूक सांगितली, कारणही सांगितले. तयार प्रोजेक्ट आणला असता तर तिला हे सांगता आले असते काय?

ज्यांच्या घरात कोणी इंजिनिअर आहे त्यांना अशा गोष्टी जेवताना कळतात. आपल्या मुलांना त्या कोणीतरी लिहून द्याव्या लागतात. म्हणून पालकांना विनंती : मूल ‘मला येत नाही’ म्हणाले तर लगेच मान्य करू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि शून्ये मोजा.