धूर कारखान्याचा, बोजा कोणावर?



१ जानेवारी २०२६ पासून युरोपने आपल्या वेशीवर एक नवी जकात लागू केली आहे. बाहेरून येणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, रासायनिक खत तयार होताना किती कर्बवायू हवेत गेला, त्या हिशेबाने ही वसुली व्हायची आहे. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याला याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे आणि ते वेळीच समजून घेतले पाहिजे.

प्रश्न खरा आहे. कोळशाच्या भट्टीत एक टन पोलाद काढले की सुमारे दोन टन कर्बवायू बाहेर पडतो. सिमेंटचे दुखणे याहून अवघड. चुनखडी भाजली की तिच्या पोटातलाच वायू सुटतो. इंधन बदलले तरी तो थांबत नाही. हवामान बिघडले, पाऊस लहरी झाला, तर पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो. तेव्हा कारखान्यांनी धूर कमी करावा, ही मागणी आपलीही आहे.

पण धूर कमी करायला पैसा लागतो. खर्च वाढला की माल महागतो आणि महाग माल बाजारात हरतो. युरोपच्या कारखानदारांनी हेच गाऱ्हाणे मांडले. तिथल्या राज्यकर्त्यांनी २००५ साली धुराला किंमत लावली खरी, पण पोलाद-सिमेंटवाल्यांना धुराचे परवाने मोठ्या प्रमाणात फुकट वाटले. हे फुकटचे परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतील आणि त्यांची जागा वेशीवरची जकात घेईल. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांची मुदत, आणि वर संरक्षण! कारखाना जगला पाहिजे, हे तत्त्व तिथे सर्वांना मान्य आहे.

आपल्याकडे उद्योगाची स्पर्धा कोणाच्या जिवावर टिकवली जाते? २०१० आणि २०१२ साली कापसाची निर्यात रोखली गेली. २०२५ साली अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड उद्योग अडचणीत आला. उपाय काय, तर १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ! नेमके आपला नवा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. धूर कमी करण्याचा खर्चही उद्या याच वाटेने आपल्या अंगावर ढकलला जाईल, ही भीती अनाठायी नाही.

त्याची पहिली परीक्षा पऱ्हाटीवर होणार आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळाव्यात, असे केंद्राचे धोरण आहे. आजवर बांधावर पेटवलेली पऱ्हाटी आता उद्योगाचा कच्चा माल ठरू शकते. चांगलेच आहे. हंगाम संपताच ती शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. पण ती कचरा म्हणून उचलू देऊ नका. उपटण्याची मजुरी, वाहतूक आणि तिच्यासोबत शेतातून जाणारे नत्र, पालाश, सेंद्रिय कर्ब, हे सारे तिच्या भावात आले पाहिजे. कडबा आपण मोजून विकतो. पऱ्हाटी फुकट का?

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एकरी किती क्विंटल पऱ्हाटी निघते आणि ती उपटायला किती मजुरी पडते, ते लिहून आणावे. भाव मागायचा तर हिशेब आपल्या हातात हवा.