निवृत्त होण्यासाठी आधी नोकरी हवी

२०२४ च्या मे महिन्यातील गोष्ट. रायगड मतदारसंघाचे मतदान ७ तारखेला आटोपले होते, निकाल ४ जूनला लागावयाचा होता. मधल्या रिकामपणात, १९ मेच्या रात्री, आपले रोह्याचे चार-पाच तरुण कार्यकर्ते एका मित्राच्या घरी फुटबॉलचा सामना पाहत बसले. लिव्हरपूल या इंग्लिश संघाचा प्रशिक्षक युर्गन क्लॉप याचा तो निरोपाचा सामना होता. सामना संपला, क्लॉपने मैदानाला फेरी मारली आणि कुंडलिकेच्या काठावर राहणाऱ्या या मुलांच्या डोळ्यांत पाणी आले. ही वार्ता कशी कोणास ठाऊक, पुढच्या बैठकीपर्यंत पोहोचली. एका ज्येष्ठ साथींनी भर बैठकीत त्यांची हजेरी घेतली. धाटावच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांसाठी ज्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्यांनी एका कोट्यधीश जर्मन माणसासाठी रडावे, हे बाजारपेठेने केलेले मेंदूंचे वसाहतीकरण आहे, असे ते म्हणाले. मुले खाली मान घालून बसली. त्यांतला एक पुन्हा बैठकीला आला नाही.

मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतो आहे, याला कारण नुकताच पेण तालुक्यात झालेला एक सत्कार. एका गावच्या मंडळात तीस-पस्तीस वर्षे मुलांना कबड्डी शिकविणाऱ्या गृहस्थांनी गुडघे साथ देईनासे झाल्यामुळे काम थांबविले. गावाने त्यांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह दिले. व्यासपीठावर तेच ज्येष्ठ साथी होते. त्यांनी ‘निरपेक्ष सेवा’, ‘त्याग’, ‘मातीचे ऋण’ या शब्दांनी ओथंबलेले भाषण केले. टाळ्या पडल्या. सत्कारमूर्ती बोलावयास उठले आणि दोन वाक्ये बोलून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे कामावर गेले. हे गृहस्थ पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. मजुरी मूर्तीच्या नगावर, आणि भविष्यनिर्वाह निधी ही वस्तू त्यांनी ऐकूनच ठाऊक आहे. म्हणजे ज्या कामाचा त्यांना कधी एक रुपया मिळाला नाही त्यातून ते निवृत्त झाले, आणि ज्याची मजुरी मिळते त्यातून निवृत्त होण्याची त्यांची ऐपत नाही.

या दोन प्रसंगांत आपल्या साथींनी घेतलेल्या दोन भूमिका वरवर परस्परविरोधी दिसतात. परदेशी प्रशिक्षकाबद्दल तुच्छता आणि गावच्या प्रशिक्षकाबद्दल गहिवर. माझ्या मते त्या एकाच वृत्तीतून आल्या आहेत. खेळ हे श्रमाचे क्षेत्र आहे, त्यात मालक आहेत, मजूर आहेत, भाडे आहे, शोषण आहे, हे आपण डाव्या मंडळींनी कधी गंभीरपणे मानलेच नाही. म्हणून तिकडे आपण तिरस्कार करतो, इकडे पूजा करतो. विश्लेषण कोठेच करीत नाही.

आधी रोह्याच्या मुलांचे. ते ज्या क्लबसाठी रडले, त्याचा इतिहास त्यांना आपल्या साथींपेक्षा अधिक ठाऊक आहे. लिव्हरपूल हे गोदीकामगारांचे शहर. १९७४ च्या १२ जुलैला या क्लबचा प्रशिक्षक बिल शँक्ली याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा क्लबचे दूरध्वनी दिवसभर खणखणत राहिले आणि कारखान्यांतील कामगारांनी संपावर जाण्याची भाषा केली, असे सांगतात. शँक्ली स्कॉटलंडमधील एका खाणवस्तीत वाढला, पोरवयात खाणीत राबला आणि आपण समाजवाद मानतो हे तो उघडपणे सांगे. कामगार त्याच्यासाठी हळहळले ते आपल्यातला एक माणूस म्हणून. पुढची कथा मात्र गोड नाही. निवृत्तीनंतर हा माणूस सवयीने सरावाच्या मैदानावर येत राहिला, आणि त्याचे येणे क्लबच्या चालकांना अडचणीचे वाटू लागले. अखेर तो शेजारच्या प्रतिस्पर्धी क्लबच्या मैदानावर जाऊन बसू लागला. आदर होता, जागा नव्हती.

आता अर्थशास्त्राची एक प्राथमिक गोष्ट. साबण महागला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेते. क्लबचे तिकीट महागले म्हणून कोणी निष्ठा बदलत नाही. बापाने खांद्यावर बसवून दाखविलेला संघ माणूस मरेपर्यंत सोडत नाही. मागणी जवळजवळ ताठर असते, आणि अशा मागणीवर ज्याची मालकी बसते, त्याला मिळणारे उत्पन्न हे उद्योजकतेचे फळ नसून खंड असतो. कुळकायद्याच्या लढ्यात ज्यांचे बापजादे होते, त्या रायगडच्या कार्यकर्त्यांना खंड म्हणजे काय हे मी सांगावयास नको. लिव्हरपूल हा क्लब २०१० पासून अमेरिकन मालकांच्या हाती आहे. त्यांनी २०१६ साली काही तिकिटांचा दर ७७ पौंडांवर नेण्याचे ठरविले. ६ फेब्रुवारीच्या सामन्यात ७७ वे मिनिट लागताच हजारो प्रेक्षक उठले आणि मैदानाबाहेर गेले. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. (क्लॉप त्या दिवशी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता. म्हणजे हा लढा कोणा नायकाविना झाला, हेही ध्यानात ठेवावे.) २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीत, याच मालकांनी खेळाडू वगळून इतर नोकरांना सरकारी मदतीच्या वेतनावर टाकण्याचा निर्णय घेतला. लोक खवळले, दोन दिवसांत निर्णय फिरला. २०२१ च्या एप्रिलमध्ये धनाढ्य क्लबांनी आपली वेगळी बंदिस्त स्पर्धा काढण्याचा घाट घातला, तोही प्रेक्षकांच्या संतापापुढे टिकला नाही. सहाही इंग्लिश क्लब दोन दिवसांत बाहेर पडले.

ज्या चाहत्यांना आपण बाजाराचे गुलाम म्हणतो, त्यांनी पाच वर्षांत तीन वेळा मालकांना माघार घ्यावयास लावली. आपल्या संघटनेचा त्याच पाच वर्षांतील हिशेब मांडण्याचे धाडस माझ्यात नाही.

परंतु रोह्याच्या मुलांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती गोड लागणार नाही. क्लॉप स्वतःला डाव्या विचारांचा म्हणवीत असे. आपली शक्ती संपत आली आहे असे सांगून त्याने जानेवारी २०२४ मध्ये निरोपाची घोषणा केली, तेव्हा श्रमाने थकलेल्या माणसाचा तो प्रामाणिक शब्द वाटला. आणि ऑक्टोबरमध्ये वार्ता आली की, तो रेड बुल या पेयकंपनीच्या जगभरच्या फुटबॉल कारभाराचा प्रमुख होणार. जर्मनीत १९९८ पासून असा दंडक आहे की, क्लबच्या कंपनीत बहुमत सभासदांचेच राहिले पाहिजे. त्याची अक्षरे पाळून त्याचा आत्मा या कंपनीने लाइपझिगमध्ये कसा गुंडाळून ठेवला, हे तेथील प्रत्येक चाहत्यास ठाऊक आहे. माइन्झ आणि डॉर्टमुंड ही क्लॉपची जुनी घरे. तेथील चाहत्यांनी त्याचा उघड निषेध केला. तत्पूर्वी मँचेस्टरच्या ॲलेक्स फर्ग्युसनचेही असेच झाले होते. ग्लासगोच्या गोदीकामगाराचा हा मुलगा तरुणपणी कामगारांचा प्रतिनिधी होता, शिकाऊ कामगारांच्या संपात पुढे होता. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी स्वतःच्या मालकीचा वेगळा क्लब उभारला. फर्ग्युसन मालकांच्या बाजूने बोलत राहिला. २०१३ च्या मेमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, त्या दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात क्लबच्या समभागाचा भाव घसरला. साठी-सत्तरीची म्हातारी माणसे ज्यासाठी डोळे पुसत होती, ती घटना दलालांच्या दृष्टीने विक्रीची सूचना होती. तेव्हा, साथींनो, रडा. पण माणसासाठी रडताना संस्था कोणाच्या खिशात आहे तेही पाहा. व्यक्तिपूजेने आपल्या चळवळीचे काय केले, हे आम्ही म्हातारे अनुभवाने सांगू शकतो.

आपल्याकडे तर मालकाने दार लावले तरी उठून जाण्यासाठी प्रेक्षकांना खुर्चीसुद्धा नसते. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पंजाबच्या कापडगिरणीचा जेसीटी संघ पुढच्याच वर्षी गेला. गोव्यात आर्मांदो कुलासो यांनी डेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब, देशाच्या फुटबॉलचा नवा आराखडा अमान्य करून, राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. डेंपो परतला तो २०२४ मध्ये. कुलासो यांना २०२४ चा जीवनगौरव द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, त्याचा आनंदच आहे. परंतु क्लब आत राहणार की बाहेर जाणार, हे ठरविताना त्या क्लबसाठी घसा फोडणाऱ्या गोवेकरांना कोणी विचारले? पेण तालुक्यातील २२ गावांनी २००८ च्या २१ सप्टेंबरला सेझवर जनमताचा कौल दिला होता. जमिनीबाबत जो प्रश्न विचारण्यास आपण शिकलो, तो मैदानाबाबत आपल्याला सुचत नाही.

रमाकांत आचरेकर सरांचे निधन २ जानेवारी २०१९ रोजी झाले. पद्मश्री, द्रोणाचार्य, सचिन तेंडुलकरचे गुरू. त्यांच्या अंत्यसंस्कारास शासकीय इतमाम लाभला नाही म्हणून मोठा गदारोळ झाला. मंत्र्यांनी निरोपानिरोपीतील चुकीवर बोट ठेवले, विरोधकांनी आणि मित्रपक्षांनी सरकारला धारेवर धरले. आमच्या रोह्यात धावीरमहाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, तेव्हा मानवंदनेचे महत्त्व मी जाणतो. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी बोलले नाही. आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरीला होते. शिवाजी पार्कवरच्या त्या तपश्चर्येमागे सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेचा पगार उभा होता. मुंबईच्या कबड्डीला आणि हॉकीलाही रेल्वे, बँका, एअर इंडिया यांच्याच नोकऱ्यांनी जगविले. त्या नोकऱ्या आटल्या, काही विकल्या गेल्या. नागोठण्याचा आयपीसीएल कारखाना २००२ नंतर रिलायन्सचा झाला, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. निर्गुंतवणुकीच्या ताळेबंदात हा तोटा कोणत्या रकान्यात दाखविला आहे, ते मला सापडलेले नाही.

राहिली शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, आणि तेही पटसंख्या शंभरांहून अधिक असेल तरच, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितला आहे. अर्धवेळ. शंभरांच्या आतल्या शाळेला तोही नाही. पेण-रोह्याच्या डोंगरवाड्यांतील किती शाळांचा पट शंभरांवर आहे, हे तेथे प्रचाराला जाणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःच आठवून पाहावे. तेच परिशिष्ट प्रत्येक शाळेला मैदान मात्र बंधनकारक करते. मैदान आहे, शिकविणारा नाही. ही पोकळी कोण भरते? आखणी करणारे ते गृहस्थ भरतात, फुकट. त्यांच्या फुकट श्रमातून घडलेल्या खेळाडूवर दूरचित्रवाणीच्या कबड्डी लीगमध्ये बोली लागते. २०१४ पासून ही लीग चालू आहे आणि तिच्या मालकांकडून गावच्या मंडळाला एका शिट्टीची किंमतही मिळत नाही. आपल्या साथींनी ज्याला ‘त्याग’ म्हटले, त्याला अर्थशास्त्रात अनुदान म्हणतात. येथे ते गरिबाने श्रीमंताला दिलेले आहे.

यावर असा आक्षेप येईल की, पैसा आला की सेवाभाव जाईल. प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीच्या वेळी हाच आक्षेप आम्ही ऐकला होता. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर आम्ही खेळ शिकलो ते विनामूल्य, हे खरे. परंतु आम्हाला शिकविणाऱ्यांपैकी बहुतेकांची कोठे ना कोठे नोकरी होती, आणि चूल त्या नोकरीवर पेटत होती. ज्याची चूल नगावर पेटते, त्याच्याकडून सेवाभावाची अपेक्षा करणे हा आपल्या पोटभरूपणाचा उद्धटपणा आहे.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत क्रीडांगणांचा स्पष्ट उल्लेख आहे. क्रीडा हा विषय राज्यसूचीतला आहे. तेव्हा पेण नगर परिषद आणि रोहा-अष्टमी नगर परिषद यांच्याकडे मागणी करण्यास दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही. प्रत्येक सार्वजनिक मैदानासाठी मानधनावर का होईना, पण लेखी नेमणूक झालेला प्रशिक्षक, त्याच्या नावे भविष्यनिर्वाह निधी, आणि मैदान लग्नमंडप किंवा मेळावे यांना किती दिवस द्यावयाचे हे ठरविताना खेळणाऱ्या मुलांच्या मंडळाला मत. राजकीय मेळाव्यांत आपलेही मेळावे येतात, याची मला जाणीव आहे. गावांसाठी जिल्हा परिषदेकडे वेगळी मागणी करावी लागेल, आणि ती अधिक कठीण आहे.

रोह्याच्या मुलांनी या मागणीचा मसुदा लिहावयास घेतला आहे. बैठकीस येणे सोडलेला तो मुलगाच लेखनिक आहे, कारण त्याचे अक्षर चांगले आहे. पुढील बैठकीत मसुदा येईल. ज्येष्ठ साथींनी त्यावर सर्वांआधी बोलावे आणि सत्काराच्या दिवशी बोलले तितकाच वेळ बोलावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.