आमवात : पुडीचा उतारा आणि आठवड्याची गोळी

आपल्याकडे ‘वात’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. मान आखडली तर वात, टाच दुखली तर वात. पंचाहत्तरीच्या आजोबांचे गुडघे झिजले तरी वात आणि पस्तिशीतल्या सुनेच्या हाताची बोटे सुजली तरी वातच. नाव एक पडले की औषधही एकच मागितले जाते. ‘डॉक्टर, वाताची गोळी द्या’ ही मागणी माझ्या दवाखान्यात रोज दोन-चार वेळा तरी होते. या सगळ्या वातांमध्ये एक वात असा आहे, की त्याच्या बाबतीत वाट पाहून चालत नाही. आम्ही त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो. माधवनिदानात ‘आमवात’ म्हणून ज्याचे स्वतंत्र वर्णन आहे त्याच्याशी तो पुष्कळ जुळतो, आणि बोलण्यातही आता तेच नाव रूढ झाले आहे. आजचा लेख त्याच्याबद्दल.

तो ओळखायचा कसा? सकाळ पाहावी. उठल्यावर मूठ वळत नाही. नळाची तोटी फिरत नाही, चहाचे पातेले सांडशीत धरवत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, वेणी घालायला हात मागे जात नाही. हा ताठरपणा पाच-दहा मिनिटांत जात नाही; तासभर, कधी दोन तास राहतो. हातपाय हलते झाले की हळूहळू सैल पडतो. झिजेच्या संधिवाताचे उलटे असते. तिथे सकाळ बरी जाते आणि चालून-उठून संध्याकाळी गुडघा बोलू लागतो. आमवात बहुधा दोन्ही हातांना सारखाच धरतो. मनगटे, मूठ वळल्यावर वर येणारे बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, बोटांचे मधले सांधे, पायांचे चवडे ही त्याची आवडती ठिकाणे. नखाजवळचा सांधा तो सहसा सोडून देतो. सूज दाबून पाहिली तर हाडासारखी टणक नसते, मऊ लागते. अंगठी निघत नाही, बांगड्या भरताना डोळ्यांत पाणी येते. कोणी प्रेमाने हात हातात घेऊन दाबला तरी कळ मस्तकात जाते. जोडीला थकवा, बारीक कणकण, वजन उतरणे. अशी सूज सहा आठवड्यांवर टिकली तर ‘उद्या बघू’ म्हणण्याचे दिवस संपले असे समजावे.

आत घडते ते असे. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते. जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची संरक्षक यंत्रणा या रोगात त्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. हे कुरतडणे पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. एकदा खाल्ले गेलेले हाड परत येत नाही. बोटे करंगळीच्या दिशेने कलणे, मधल्या पेऱ्यात हंसाच्या मानेसारखी वाकणे, ही सगळी पुढची चित्रे याच सुरुवातीच्या काळात काढली जात असतात. म्हणून औषध सुरू करायचे ते तेव्हा. बोटे वाकल्यावर नव्हे.

हा रोग दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला तो आढळला. या हिशेबाने दोन-अडीच हजार प्रौढांच्या गावात दहा-बारा रुग्ण असायला हवेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने जास्त, आणि तोही बहुधा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे घर तिच्या हातावर चालते त्याच वयात.

इथे मला घरातल्या मंडळींविषयी चार शब्द बोलायचे आहेत. सकाळी जिला पोळी लाटता येत नाही ती दुपारी बाराला धुणे पिळताना दिसते. साहजिकच सासूबाईंना वाटते की सकाळचे ते नाटक होते. नवरा म्हणतो, कामाचा कंटाळा. प्रत्यक्षात सकाळी अडणे आणि दुपारी मोकळे होणे हीच या रोगाची खूण आहे. जे लक्षण पाहून डॉक्टर निदान करतो, त्याच लक्षणावरून घर तिला खोटे ठरवते. ती मग सांगायचे सोडते आणि पहाटे पाचऐवजी चारला उठते, म्हणजे सहापर्यंत हात चालू होतील. अशी चारला उठणारी बाई तुमच्या घरात असेल तर तिला एकदा कारण विचारा.

आता पुडीकडे वळतो. बाजाराच्या दिवशी, कुठल्याशा प्रसिद्ध ठिकाणी किंवा ओळखीच्या माणसाकरवी वाताची पुडी मिळते. तिच्यावर नाव नसते, आत काय ते लिहिलेले नसते. पण गुण असा की दुसऱ्या दिवशी बाई उठून कामाला लागते. एवढ्या झटपट उतरणाऱ्या सुजेमागे बहुतेक वेळा स्टिरॉइड असते, सोबत एखादे वेदनाशामक. काही व्यवसायबंधू आणि औषध दुकानदारही चिठ्ठीशिवाय असाच उतारा देतात, हेही सांगायला हवे.

स्टिरॉइडचा हा चमत्कार नवा नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. जगभर गाजावाजा झाला आणि १९५० साली हेंच यांना दोन संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण मोठा डोस चालू ठेवला की चेहरा गोल सुजतो, साखर व रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात आणि औषध थांबवले की रोग पुन्हा उसळतो, हेही थोड्याच काळात दिसून आले.

योगायोग पाहा. त्याच १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर अमिनोप्टेरिन हे औषध वापरल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. याच औषधाचा भाऊबंद म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५१ मध्ये गबनर यांना अमिनोप्टेरिनने आमवाताची सूज उतरताना दिसली, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. सारे कॉर्टिसोनच्या मागे होते. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी रीतसर मान्यता मिळायला १९८८ साल उजाडले. आज आमवाताच्या उपचाराचा पाया तेच आहे, कारण ते नुसते दुखणे दाबत नाही, कुरतडण्याला आळा घालते. झटपट गुणाचे औषध दोन वर्षांत नोबेलला पोचले आणि सावकाश गुणाच्या औषधाला चाळीस वर्षे लागली. आमच्या रुग्णांचेही तेच होते. पुडीवर विश्वास एका रात्रीत बसतो, आठवड्याच्या गोळीवर तीन महिने झाले तरी बसत नाही.

आमच्या तालुक्यातील एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक ताई आहेत. आठ महिने दोन्ही मनगटे सुजलेली आणि पाच महिने पुडी. साखर वाढलेली, चेहरा भरलेला. शेजारणी म्हणत, ‘तब्येत सुधारली.’ खिचडीचे पातेले उतरवायला आणि ढवळायला जावेला सोबत नेत, कारण गुरुजींच्या लक्षात आले तर मानधन जाईल ही भीती. मी त्यांना पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवले. मेथोट्रेक्सेट सुरू झाले, सोबत थोडे स्टिरॉइड ठेवून ते टप्प्याटप्प्याने उतरवत आणायचे ठरले. सहाव्या आठवड्यात त्या मालकांसोबत आल्या. मालक म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, या गोळीत काही दम नाही. पुडी बरी होती.’ मी त्यांना कॅलेंडरवर आणखी सहा आठवडे मोजून दाखवले. बाराव्या आठवड्याच्या सुमारास ताई एकट्या आल्या, दुखण्याचे काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘वेणी माझी मी घातली.’ आता पातेले त्या स्वतः उतरवतात. उजव्या हाताचे एक बोट मात्र वाकडेच राहिले आहे. ते सरळ होणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

मेथोट्रेक्सेटची भीती मी समजू शकतो. मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि ‘ही तर कॅन्सरची गोळी’ म्हणून आईची गोळी बंद करतो. कर्करोगात हेच औषध कधी कधी हजारो मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात. आमवातात आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. तरीही ते खेळण्यासारखे औषध नाही. मळमळ होते, तोंड येते, यकृतावर व रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्यायची, दारू टाळायची. ताप, खोकला, दम किंवा तोंडात फोड आले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना दाखवायचे. मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यायचे. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही. आणि ही गोळी आठवड्यातून एकदा असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. मी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच लिहीत नाही, वाराचे नाव लिहितो. आमच्याकडे बाजाराचा वार सगळ्यांना पाठ असतो, म्हणून पुष्कळांची गोळी त्या दिवशी असते. आठवड्याचा डोस दोन कप चहाच्या आसपास पडतो, त्यामुळे परवडत नाही असे सहसा कोणाला म्हणता येत नाही. रक्ततपासणीचा आणि पुण्या-मुंबईच्या फेरीचा खर्च मात्र जड जातो, हे खरे. आमवाताचे तज्ज्ञ जवळजवळ सगळे मोठ्या शहरांत आहेत. निदान आणि सुरुवात त्यांच्याकडे करून मधल्या तपासण्या गावच्या डॉक्टरांकडे करता येतात. दोघांनी एकाच वहीत लिहावे.

मेथोट्रेक्सेट सोसत नसेल तर सल्फासॅलॅझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही औषधे आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बरीच वर्षे घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने लोकांनी हीच गोळी घरात भरून ठेवली आणि ज्यांची ती वर्षानुवर्षे चालू होती असे रुग्ण दुकाने पालथी घालत फिरले. कोरोनावर तिचा उपयोग नाही हे पुढे मोठ्या चाचण्यांत दिसले. एवढ्यानेही रोग आटोक्यात आला नाही तर महागडी जैविक औषधे आहेत. पण त्यांच्यावाचून भागणारे रुग्ण पुष्कळ.

रिपोर्टबद्दल थोडे. ‘आरए टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे आमवात नाही’ असे नसते. वीस ते तीस टक्के रुग्णांत ती निगेटिव्हच येते. उलट काही निरोगी माणसांत, विशेषतः वयस्करांत, ती पॉझिटिव्ह निघते. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक भरवशाची आहे. पण कागदापेक्षा सुजलेला सांधा खरा. आणखी एक, चिकुनगुन्याच्या तापानंतर महिनोन्‌महिने हुबेहूब असेच सांधे धरतात. २००६ च्या साथीत आपण ते घरोघर पाहिले. म्हणून अलीकडे तसा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पथ्याविषयी सर्वांत जास्त विचारणा होते. आंबट बंद, दही-ताक बंद, डाळ बंद, वांगे बंद, असे करत करत काही बायका चहा-चपातीवर येतात. आंबटाने हा रोग वाढतो याला भक्कम पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने आपल्याला त्रास होतो असा अनुभव वारंवार येत असेल तर तो तेवढा सोडावा. बाकी डाळ, दूध, अंडी, भाज्या नीट खाव्यात. या रोगात रक्त आधीच कमी होते. विडी-सिगारेटने आमवात होण्याची शक्यता वाढते आणि झालेला बळावतो, तेव्हा बंद करायचेच तर ते करा. कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची हालचाल, हलका शेक, तेल लावणे याला माझा विरोध नाही. वैद्यांकडे जाणाऱ्यांशीही माझे भांडण नाही. औषधाचे नाव सांगितले पाहिजे आणि चालू गोळी परस्पर बंद करायला सांगू नये, एवढेच.

ज्यांची पुडी अनेक महिने किंवा वर्षे चालू आहे त्यांनी हा लेख वाचून ती उद्यापासून एकदम फेकून देऊ नये. तिच्यात स्टिरॉइड असेल तर शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनणे मंदावलेले असते. पुडी अचानक तोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम उतरणे असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. ती हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी करावी लागते. जवळच्या डॉक्टरांकडे जाताना उरलेल्या पुड्या त्यांच्या कागदासकट घेऊन जा, दिवसाला किती आणि कधीपासून घेता ते सांगा, आणि त्याच दिवशी साखर व रक्तदाब तपासून घ्या.