विश्लेषण : पायाला ‘करंट’ दिल्याने मधुमेहींची जखम भरते का?

सोलापूर : पायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाली की हा त्रास सुरू होतो. त्यावर उपाय म्हणून पायाला सौम्य करंट देणारी यंत्रे ऑनलाइन सहज मिळतात. आयसीएमआरच्या 2023 मधील अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे ही यंत्रे नेमके काय करतात, हे समजून घ्यायला हवे.

करंटने दुखणे कमी कसे होते?

कोपर आपटले की आपण लगेच चोळतो. चोळण्याचा संदेश दुखण्याच्या संदेशाला मज्जारज्जूतच अडवतो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडला. त्वचेवर पट्ट्या चिकटवून वापरायचे ‘टेन्स’ यंत्र याच विचारातून आले.

दुसरा प्रकार शस्त्रक्रियेचा. मणक्याजवळ तारा आणि त्वचेखाली बॅटरीचे उपकरण बसवतात. खर्च लाखांत जातो. मधुमेहातील वेदनेसाठी अशा एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने जुलै 2021 मध्ये मान्यता दिली. औषधांनी आराम न पडलेल्या 216 रुग्णांवरील चाचणीत, 3 महिन्यांनी उपकरण बसवलेल्या 79 टक्के रुग्णांचे दुखणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 5 टक्के होते. आकडा डोळ्यांत भरतो खरा. पण चाचणीचा खर्च उपकरण बनवणाऱ्या कंपनीने केला होता आणि आपल्याला उपकरण बसवले आहे, हे रुग्णांना माहीत होते.

मग जखमही भरते का?

इथेच गल्लत होते. वर सांगितलेली मान्यता वेदनेसाठी आहे, जखमेसाठी नाही. ‘आता पाय दुखत नाहीत’ असे रुग्ण आनंदाने सांगतो, तेव्हा अनेकदा पाय बधिर झालेला असतो. खडा टोचला, चप्पल लागली, तरी कळत नाही. रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम चिघळते आणि प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाते. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत जखम भरण्यासाठी विद्युत उपचार वापरू नयेत, असे सुचवले आहे.

जखमेला हवे असते ते वेगळे : मेलेली त्वचा काढणे, जंतुसंसर्गावर उपचार, रक्तप्रवाहाची तपासणी आणि पायावरचा भार कमी करणे. यातले शेवटचे सोलापुरात सर्वांत अवघड. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्याने पायावर भार द्यायचा नाही, म्हणजे मजुरी बुडवायची. त्यापेक्षा पट्टी चिकटवणे सोपे वाटणारच.

धोका काय?

बधिर त्वचेला करंट जास्त झाल्याचे समजत नाही, त्यामुळे भाजू शकते. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नये.

आधी कोणती तपासणी करावी?

10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘कळतंय का?’ असे विचारतात. काही मिनिटांचे काम. स्पर्श कळला नाही तर अनवाणी चालणे बंद. मग आषाढी वारी असो, सिद्धेश्वरांची यात्रा असो की उन्हाळ्यात तापलेली मंदिराची फरशी.

आणि एकच पाय लाल, गरम, सुजलेला असेल पण फारसा दुखत नसेल, तर हाडे आतून खचत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तोवर त्या पायावर उभे राहू नये आणि यंत्रही लावू नये.